आजीची वाकळ: दुरुस्त करू, की आहे तशी ठेवू?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गावचं घर (माण तालुका) आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या हातची वाकळ सापडली. वडिलांच्या जन्माच्या वेळी शिवलेली, म्हणजे १९५८ ची. साधारण सहा फूट बाय चार. वरून हिरवं इरकली लुगडं, तांबडे काठ चारी बाजूंनी फिरवलेले, खालून पांढरं धोतर. टाका इतका बारीक आहे की दोन टाक्यांमध्ये तांदळाचा दाणा मावणार नाही.

अवस्था सांगते. मधला भाग, जिथे पाठ घासली जाते तिथला, विरून जाळी झालाय. आतलं पांढरं दिसतं. एका कोपऱ्याला कसरीची भोकं आहेत. ट्रंकेच्या पत्र्याला लागून होती तिथे गंजाचे दोन मोठे डाग आहेत. आणि वास! कुबट, पण त्यातही आजीच्या खोलीचा वास येतो असं मला वाटतं. नवऱ्याला फक्त कुबटच येतो.

घरात तीन पक्ष झालेत. आत्या म्हणते वरून नवीन लुगडं घाल आणि टाके टाकून दे. बहीण म्हणते काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लाव. आई म्हणते एवढं काय त्यात, धू आणि वापर. मला काहीच ठरवता येत नाहीये. कुणी असं काही केलंय का? धुवायची का, धुवायची तर कशी, दोरा कोणता आणि ठेवायची कशात?

माळकरी_बंडू
पुण्यात राहत असाल तर आधी पाटी लावा: "वाकळीस हात लावू नये. चौकशी १ ते ४ बंद."

ढोबळी_मिरची
फोटो??? फोटोशिवाय असे धागे म्हणजे मिठाशिवाय पिठलं.

ओसरी
ढोबळी_मिरची, फोटो चढवायला जमत नाहीये, भाच्याला धरते रविवारी.

पमाआत्या
ओसरी बाळ, तुझी आत्या बरोबर बोलतेय. आमच्या सासूबाई दर चार-पाच वर्षांनी वाकळी काढायच्या. मधोमध विरलेलं असलं की वरून एक लुगडं घालायचं. पण सबंध लुगडं कुणाकडे असायचं? आधी लुगड्याला दंड घातलेला असायचा. मधला झिजलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही चांगली टोकं एकमेकांना जोडायची. मग ते दंडाचं लुगडंही फाटलं की त्याची रवानगी वाकळीत. कापड फुकट जायचंच नाही.

पद्धत सांगते. मातीची जमीन सारवून वाळवायची, त्यावर खालचं कापड अंथरायचं, सुरकुती राहू द्यायची नाही. मग मधले थर. वर चांगलं कापड. चारी कोपऱ्यांवर दगड किंवा पोरं बसवायची (आम्ही बसायचो, हलायची सोय नाही). आधी लांब कच्चे टाके घालायचे, मग काठापासून सुरू करून चौकोनात आत-आत यायचं. उलट केलंस, म्हणजे मधून बाहेर गेलीस, तर आमच्या हाताला तरी कडेला कापड गोळा व्हायचं. आणि गाठ वर दिसता कामा नये, ती थरात लपवायची. गाठ दिसली की सासूबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त बोट ठेवायच्या.

नवीन कापड घालणार असशील तर आधी दोनदा धुऊन खळ काढून टाक. नाहीतर नवं आटतं, जुनं आटत नाही आणि सगळ्याचा चुरगळा होतो.

सुईवाली
(मी वस्त्रसंवर्धनाचं थोडं रीतसर शिक्षण घेतलंय. संग्रहालयात नोकरी करत नाही, लोकांच्या घरच्या पैठण्या आणि शेले बघते.)

पमाआत्यांचं पद्धतीबद्दलचं सगळं मान्य. पण ओसरीताई, आजच्या आज सुई हातात घेऊ नका. क्रमाने जाऊ.

पहिल्यांदा किडीचं बघा. भोकं जुनी आहेत की आत अजून काही जिवंत आहे हे डोळ्यांनी कळत नाही. वाकळ सैल गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून टाका, चिकटपट्टीने बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशाला दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस तशीच राहू द्या. नाहीतर थंड कापडावर दव धरतं आणि किडीऐवजी बुरशी येते.

मग धूळ. वाकळीवर नायलॉनची मच्छरदाणीची जाळी पसरायची आणि व्हॅक्यूम क्लीनर सर्वात कमी जोरावर ठेवून जाळीवरून फिरवायचा. जाळीमुळे सुटे धागे ओढले जात नाहीत. धूळ म्हणजे नुसता मळ नाही, तिचे बारीक कण धागा आतून कापत असतात. बऱ्याच वाकळींना एवढं केलं तरी वास निम्मा होतो, धुवायची गरजच पडत नाही.

धुवायचीच असेल तर रंग तपासा. प्रत्येक रंगावर ओला पांढरा कापूस दोन-तीन मिनिटं दाबून धरा, आधी साध्या पाण्याचा, मग साबणाच्या पाण्याचा. तांबड्या काठाचा जरा जरी डाग कापसावर आला तर पाणी विसरा.

गंजावर लिंबू-मीठ चोळायला कुणीतरी सांगेलच. नका चोळू. डाग फिका होईल आणि त्या जागी पुढे भोक पडेल. गंजाने आधीच सूत खाल्लेलं असतं, त्यावर आम्ल म्हणजे आगीत तेल.

कडकलक्ष्मण
दोन आठवडे फ्रीझरमध्ये वाकळ? आणि मटार कुठे ठेवायचे?

सुईवाली
मटार शेजाऱ्यांकडे. वाकळ शेजाऱ्यांकडे ठेवाल तर परत यायची नाही.

हणम्या_पाटील
एक विरोधी मत मांडतो, राग मानू नका. वाकळ ही वापरायची वस्तू आहे. तुमची आजी काय भिंतीवर लावायला शिवत होती? थंडीत पोराच्या अंगावर घालायला शिवली. फ्रीझर, व्हॅक्यूम, कापूस... उद्या वाकळीचं आधार कार्ड काढा. आमच्याकडे घट बसायच्या आधी सगळ्या वाकळी बैलगाडीत घालून नदीला न्यायच्या. दगडावर आपट-आपट आपटायच्या आणि वाळूवर वाळत घालायच्या. आख्खी नदी रंगीत दिसायची. आजीच्या वाकळीसुद्धा ३० वर्षं तशाच आपटल्या गेल्यात, काही झालं नाही.

सुईवाली
हणमंतराव, ३० वर्षांनी काही झालं नाही, पण ६५ वर्षांनी झालंय ना? मधली जाळी कशाने झाली? आणि नवं सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, म्हणून ती आपटाआपट चालायची. जुन्या, तुटक झालेल्या सुताचं तसं नाही. ओली वाकळ पाण्याने जड होते आणि दोन टोकांना धरून उचलली की स्वतःच्याच वजनाने फाटते. धुतलीच तर खाली चादर घालून चादरीसकट उचलायची.

पण वापरण्याबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. त्यावर नंतर लिहिते, पोरगं उठलंय.

ठाणेकर_७
ड्रायक्लीनिंगचा अनुभव कुणाला हवा असेल तर सांगतो. आईची गोधडी, वर जरीच्या काठाचे तुकडे लावलेले. दुकानाचं नाव घेत नाही. परत आली तेव्हा जर काळी पडलेली आणि आतले तीन थर गोळा होऊन एका कोपऱ्यात, मांजराने बाळंतपण केल्यासारखे. दुकानदार म्हणाला, "साहेब, कापडच जुनं होतं." अहो, जुनं होतं म्हणून तर तुमच्याकडे दिली. आईने काही न बोलता ती घडी करून कपाटात ठेवली. तिचं ते न बोलणंच जास्त लागलं.

वऱ्हाडी_ठेचा
अवांतर: आमच्याकडे तिले वाकय म्हणतेत. ळ आमच्या तोंडात बसतच नाही. शाळेत बाईंनी "वाकळ" लिहायला लावलं होतं तेव्हा घरी येऊन आजीला सांगितलं, तर आजी म्हणे, "मंग आपली वाकय कोनती?"

सीमाभागातली
सोलापूरपासून खाली आलं की कौदी सुरू होते. आणि लहान बाळाचं ते दुपटं. गोधडी हा शब्द मला पुण्याला गेल्यावर कळला.

आमच्या बाजूची अजून एक गंमत सांगते. यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी लोक राहतात, आफ्रिकी वंशाचे. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात आणले होते. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंदी म्हणतात. त्याही कडेपासून सुरू करून आत येतात, पमाआत्यांनी सांगितलं तसंच. आणि शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचे त्रिकोणी तुकडे लावतात, फुला म्हणतात त्यांना. फुला नसतील तर कवंदी उघडी राहिली असं मानतात. मी एक विकत घेतलीय, तिला तर ब्लाउजपीसच्या टिकल्यांपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं लागलंय.

अभंगवाणा
अवांतरात माझीही भर. गाडगेबाबांना लोक गोधडेबाबा म्हणायचे, अंगावर ठिगळं जोडलेलं असायचं म्हणून. आणि अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड, त्यावर त्यांनी पंचीकरण, म्हणजे वेदान्ताचं विवेचन, लिहून काढलंय. कापड आहे, ग्रंथही आहे, आणि चारशे वर्षं झाली तरी टिकून आहे. आपल्याकडे कागदापेक्षा कापडावर लोकांचा भरवसा जास्त असावा.

ढोबळी_मिरची
धागा वाकळीवरून पासोडीवर घसरला आहे. फोटो अजून नाहीत.

लालबागचा_जावई
माझे सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्याच्या आधीच्या दिवाळीत त्यांनी कटपीसचं एक गाठोडं आणलं होतं. सासूबाईंनी संपाच्या काळात त्याच्या सात गोधड्या शिवल्या. काम नव्हतं, पैसे नव्हते, कापड होतं. त्यातल्या दोन विकल्या, एक आमच्याकडे आहे. तिच्या मागच्या बाजूला गिरणीचा निळा शिक्का अजून वाचता येतो. आम्ही ती वापरत नाही. वापरावी का, हा प्रश्न आमच्या घरीही आहे, म्हणून धागा वाचतोय.

डॉ_खडीसाखर
ठेवण्याबद्दल एक सूचना, डॉक्टर म्हणून. डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या गोधड्या थेट तान्ह्या बाळाला पांघरू नका. काही बाळांना जी६पीडी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असते. त्यांच्या शरीरात नॅफ्थलीन गेलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. नुसत्या वासानेही होऊ शकतं. घरात बाळ असेल तर डांबरगोळ्या नकोतच.

पमाआत्या
आम्ही वेखंड आणि कडुनिंबाचा पाला घालायचो.

सुईवाली
वेखंड चालेल, पाला वाळलेला हवा, आणि दोन्ही पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून. पाला थेट कापडावर ठेवला तर त्याचे तपकिरी डाग पडतात. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याने कीड दूर राहायला थोडी मदत होते, आत शिरलेली मरत नाही. त्याला नियमित उघडून बघणं हाच उपाय.

आता ठेवणं. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, दमट हवेत आत घाम धरतो. लाकडी कपाटाच्या फळीवर थेट नाही, लाकडातून आम्ल सुटतं आणि कापड पिवळं पडतं. पत्र्याची ट्रंक तर तुम्ही बघितलीच. धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळायची. घडी करण्यापेक्षा पुठ्ठ्याच्या जाड नळीवर गुंडाळणं चांगलं, नळीवर आधी मांजरपाट. जागा नसेल तर घडी करा, पण घडीच्या आत जुन्या सुती कापडाची वळी ठेवा म्हणजे चरा पडत नाही. आणि वर्षातून दोनदा घडी मोडून वेगळ्या जागी घाला. आपल्या आज्या घडवंचीवर रोज वाकळी उलट्यासुलट्या रचायच्या, त्यात नकळत हेच व्हायचं.

भिंतीवर लावायची असेल तर: काच कापडाला चिकटू द्यायची नाही, खिडकीसमोरची भिंत नको, आणि कायमची नको. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, अंधारात ठेवून भरून येत नाही. संग्रहालयात अशा कापडावर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे आपल्याला "दिवा लावा रे" म्हणावंसं वाटेल इतपत. बहिणीला सांगा, दिवाळीत महिनाभर लाव आणि काढून ठेव.

मक्याच्या_देशातून
मी अमेरिकेत नेब्रास्कात असते. इथे लिंकनला फक्त गोधड्यांचं, म्हणजे क्विल्टचं, मोठं संग्रहालय आहे, विद्यापीठाचं. तिथे सिंधच्या रल्ली बघितल्या आणि घरची आठवण येऊन रडू आलं. शेजारच्या अमेरिकन आजींकडे त्यांच्या पणजीची रेशमी तुकड्यांची गोधडी आहे. दिसायला शाबूत, पण हात लावला की रेशीम पापडासारखं फुटतं. त्या काळी रेशीम जड वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मुरवायचे, वजनावर विकायचे ना. ते क्षार आता रेशमाला खातायत. न वापरता पेटीत ठेवलेली गोधडी पेटीतच फुटली. तेव्हा हणमंतरावांना इथून एक मत.

सुईवाली
असंच आपल्याकडे काळ्या आणि गडद तपकिरी छपाईचं होतं. हिरडा आणि लोखंड वापरून काढलेला काळा असेल तर बाकी कापड धड आणि फक्त काळी वेलबुट्टी गळून गेलेली दिसते.

ओसरी
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! फ्रीझर झाला (मटार आईकडे). व्हॅक्यूम झाला. वास खरंच निम्मा झाला आणि उरलेला निम्मा आजीचाच आहे, नवऱ्यानेही मान्य केलं.

पण एक वेगळंच घडलंय. मधल्या जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारून बघत होते. आतल्या पांढऱ्या थराच्या खाली अजून एक थर आहे, निळसर, चौकड्यांचा. आणि त्यावर टाके आहेत! वरच्या टाक्यांशी न जुळणारे, मोठे, जाड दोऱ्याचे, तिरके गेलेले. म्हणजे आत आणखी एक वाकळ आहे का?

पमाआत्या
असणारच की. मऊ पडलेली जुनी वाकळ पोटात घालायची, त्याने ऊब येते. मी वर सांगितलं नाही कारण ते सांगायचं असतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

हणम्या_पाटील
घ्या! म्हणजे आजीनेच नवीन लुगडं घालून टाके टाकले होते. आत्या १, संग्रहालय ०.

ढोबळी_मिरची
उसवून बघा ना! आत पणजीची असेल!

अभंगवाणा
उसवू नका हो. काही गोष्टी पोटातच राहू द्याव्यात.

लालबागचा_जावई
मी असतो तर एक कोपरा उसवला असता. खरं सांगतो, राहवलंच नसतं.

सुईवाली
उसवायचं माझं मत नाही. ते ६५ वर्षांपूर्वीचे टाके हीच आजींची खरी वस्तू आहे, कापड तर दुकानातून आलेलं. एकदा उसवले की तुम्ही कितीही बारीक टाके घातलेत तरी ते तुमचे. आतलं बघायचं तर जाळीतूनच बघा, फोटो काढा, आत्याला दाखवा, आणि कापड ओळखलं तर लिहून ठेवा. तो कागद वाकळीसोबत, पण वेगळ्या पाकिटात. शाईचा कागद घडीत नको.

आणि हणमंतरावांनी गोल केला खरा. वाकळीची दुरुस्ती म्हणजे वर थर घालणं, हे आमच्या शिक्षणातलं नसलं तरी वाकळीतलं आहे. माझा प्रश्न फक्त एवढाच, की नवा थर उद्या कुणाला काढायचा झाला तर आजींच्या टाक्यांना धक्का न लावता निघाला पाहिजे. म्हणून: संपूर्ण वाकळीवर लुगडं नको. फक्त जाळीवर, चांगल्या कापडाच्या दोन बोटं आत येईल एवढा पातळ वायलचा तुकडा, जवळच्या हिरव्या रंगाचा. खालची फाटकी सुतं कापायची नाहीत, वायलखाली तशीच राहू द्यायची. टाके फक्त वरच्या थरात, आरपार नाहीत, जुन्या टाक्यांच्या मधल्या जागेतून. सुई बारीक, दाभण अजिबात नाही. दोरा सुती. पॉलिएस्टरचा तुटत नाही, हाच त्याचा दोष. ताण आला की दोरा टिकतो आणि जुनं कापड चिरतं. तुटायचंच तर दोऱ्याने तुटावं.

कसरीच्या भोकांवर पातळ जाळीदार कापड, त्याच पद्धतीने. गंजाचे डाग राहू द्या.

कडकलक्ष्मण
"तुटायचंच तर दोऱ्याने तुटावं" हे ट्रकच्या मागे लिहिण्यासारखं आहे.

ठाणेकर_७
सुईवाली, एक विचारू? आईची ती गोळा झालेली गोधडी. आतले थर परत सरळ करता येतील का?

सुईवाली
ठाणेकर, येतील बहुतेक. एक कड उसवावी लागेल, तिथे मी उसवायला सांगेन, कारण आत राहिलेला गोळा वरचं कापड ताणत राहतो. काळी पडलेली जर (जरीकाम) घासू नका, चिंच तर लावूच नका. जरीकाम मौल्यवान असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून बघा. मला फोटो पाठवा, निरोपातून.

ठाणेकर_७
पाठवतो. आईला अजून सांगत नाही.

ओसरी
तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला. आत्याला बोलावून घेतलं होतं. तिला वायलचा तुकडा वगैरे सांगितलं, तर "एवढंसं ठिगळ? लोक काय म्हणतील?" मग टॉर्च मारून आतलं दाखवलं. बराच वेळ बघत बसली. म्हणाली, हा चौकडा तिच्या आजीच्या अंथरुणाचा, म्हणजे माझ्या पणजीच्या, आणि जाड दोरा कारण तिला शेवटी दिसत नव्हतं, दाभणातच दोरा ओवता यायचा. टाके तिरके त्यामुळेच. मी सगळं लिहून घेतलं.

मग आम्ही दोघींनी चार दुपारी बसून वायल लावलं. आत्याचा हात अजून तसाच आहे. तिने अख्खी कड घातली, मी साडेतीन इंच.

भिंतीवर नाही लावलेली. नळीवर गुंडाळून ठेवलीय, आणि संक्रांतीच्या थंडीत एक रात्र सगळ्यांनी मिळून पांघरायची असं आईने परस्पर जाहीर केलंय. सुईवाली, तुम्ही हे वाचलं नाही असं समजा.

सुईवाली
काय वाचलं नाही?

पमाआत्या
आणि तुझे साडेतीन इंच कसे आले?

ओसरी
आत्याने उसवायला लावले.

ढोबळी_मिरची
फोटो?

माळकरी_बंडू
शेजारी माझे मटार कधी परत देणार, हेही कुणीतरी सांगा.